सहाव्या खुर्चीची वीण

होल्मसाहेबांच्या सहा खुर्च्यांपैकी सहावी दहा महिने माझ्या खोलीत पडून होती. तिची बैठक अर्धीच विणलेली होती. चारी कोपऱ्यांकडून दोरी भरत आलेली आणि मधे थाळीएवढं भोक. माझ्या बायकोने, इस्मतने, रमजानच्या आधी शाबानच्या महिन्यात ती तिथवर आणली, मग एका सकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं.

मी मोहियुद्दीन. सौदीतल्या अबकैकमध्ये एका कंत्राटदाराच्या वर्कशॉपमध्ये सुतार होतो. गाव जयगडच्या खाडीवर. कफील, म्हणजे ज्याच्या नावावर मी इथे होतो तो अरब मालक, भला माणूस होता, त्याने फॅमिली व्हिसा करून दिला, म्हणून आमच्या मुलीचं, नबीलाचं, लग्न लागल्यावर इस्मत माझ्याकडे आली. अबकैकच्या कडेला आमच्या दोन खोल्या होत्या. तिथून तेलाच्या प्लांटच्या ज्वाळा दिसायच्या आणि बाकी नुसती वाळू. इस्मतचा जन्म समुद्राच्या आवाजात गेला होता. पहिले काही महिने ती म्हणायची, "इथे झोपेत कानाला कायतरी कमी पडतं."

खुर्ची मागायला होल्मसाहेब आले तेव्हा कुवेतचं युद्ध सुरू होऊन दहा दिवस झाले होते. वर्कशॉपमध्ये मी आणि सदानंद असे दोघेच. सदानंद गुहागरकडचा, इलेक्ट्रिशियन. त्या दिवसांत विजेचं काम कमी आणि खिडक्या झाकायचं काम जास्त, म्हणून तोही माझ्याबरोबर प्लायवूड कापत होता. कॉलनीतल्या प्रत्येक घराला आतून फळ्या हव्या होत्या, काच फुटली तर अंगावर येऊ नये म्हणून.

होल्मसाहेब दारातच उभे राहिले. डेन्मार्कचे, पंपांचे इंजिनिअर, उंच आणि नेहमी थोडे वाकलेले. त्यांचं कुटुंब ऑगस्टमध्येच परत गेलं होतं.

"मोहिद्दीन, गुरुवारी सकाळी कंपनीचा ट्रक यान्बूला जातोय," ते म्हणाले. यान्बू म्हणजे पार पश्चिमेचा किनारा, युद्धापासून लांब. "मीही जातोय. सहाही खुर्च्या घेऊन जाणार."

मी रंधा खाली ठेवला.

"दहा महिने मी विचारलं नाही. तुझी बायको गेली, मला कळतं. पण यान्बूत मला तुझ्यासारखे हात कुठे मिळणार? चार दिवसांत होईल?"

"होईल साहेब," मी म्हणालो.

ते गेले. सदानंदने करवत थांबवली आणि माझे हात हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले.

"तुझ्यासारखे हात!" तो म्हणाला. "मिस्त्री, तुला शर्टाचं बटण लावता येत नाही. गेल्या ईदला मी लावून दिलं."

"गप रे सदा."

"मी कायम गप. तूसुद्धा गप. आपण दोघे मिळून गप. पण खुर्ची कोण विणणार? मी विणू? वायर आणून देतो, तीन रंगांत."

त्याला सगळं माहीत होतं. त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

ते असं झालं होतं.

त्या खुर्च्या होल्मसाहेबांच्या वडिलांनी बनवल्या होत्या. वडील त्यांच्या देशात नामांकित होते. खुर्च्या, टेबलं, कपाटं यांची चित्रं काढायचे, आणि आपल्या छोट्या कारखान्यात माणसं घेऊन ती स्वतःच्या नजरेखाली करवून घ्यायचे. मुलाला त्यात रस नव्हता, तो पंपांकडे गेला. वडील वारल्यावर त्याला घर नको होतं, जमीन नको होती, फक्त या सहा खुर्च्या त्याने मागून घेतल्या आणि जाईल तिथे नेल्या. इथल्या कोरड्या हवेत त्यांचे सांधे ढिले झाले, बैठकी तुटल्या, तेव्हा ८९ सालच्या हिवाळ्यात होल्मसाहेब त्या माझ्याकडे घेऊन आले.

मी वीस वर्षं सुतारकी केली होती, पण अशी खुर्ची पाहिली नव्हती. ओकचं लाकूड. कुठे नक्षी नाही, पॉलिश नाही, खिळा नाही. खुर्चीचा हात जिथे मागच्या पायाला मिळतो तिथे डोळे मिटून अंगठा फिरवला तर एक लाकूड कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं ते कळत नव्हतं. मी तसा फिरवला, तेव्हा होल्मसाहेब हसले. म्हणाले, त्यांचे वडील नव्या कारागिराला पहिल्या दिवशी हेच करायला सांगायचे. जो डोळे उघडे ठेवून बघायचा, त्याला दुसऱ्या दिवशी बोलवायचे नाहीत.

लाकूड साबणाने धुवायचं, असं त्यांनी सांगितलं. साबणाचा पातळ चुरा पाण्यात कालवून चोळायचा, वाळवायचा, बारीक घासकागद फिरवायचा आणि परत धुवायचं. सदानंदने तेव्हा खुर्च्यांकडे बोट दाखवून विचारलं होतं, "जुम्म्याची आंघोळ झाली का तुझ्या बायांची?" सांधे मी खोलले, जुना सरस खरवडला, परत बसवले. तेवढं मला येत होतं. माझ्या हातांना ते येतं, हे खोटं नाही.

बैठक मात्र मला येत नव्हती. ती कागदाच्या दोरीची असते. तपकिरी कागदाच्या पट्ट्या घट्ट पिळून तिपेडी केलेली दोरी, सुतळीएवढी जाड, माणूस बसला तरी तुटत नाही. होल्मसाहेब म्हणाले, आधी समुद्रातल्या गवताची दोरी वापरायचे. मग मोठं युद्ध आलं, जहाजं बंद झाली, गवत येईना, म्हणून कागद पिळला. युद्ध संपलं तरी कागदच राहिला, कारण तो जास्त चांगला निघाला. त्यांनी डेन्मार्कहून येताना सामानातून सहा गुंडाळी आणली होती, सहा खुर्च्यांना पुरून थोडी उरेल इतकी. बरोबर वडिलांच्या हातचा एक कागद होता. त्यावर दोरी कुठून निघते, कुठून वर येते, कोपऱ्यात कशी वळते, त्याची चित्रं होती. मी तो घरी नेला आणि सारखा बघत बसलो.

इस्मतने भाकरी थापता थापता एकदा बघितला.

"हे तर जाळ्यासारखं आहे," ती म्हणाली. "दोरी एकच. गाठ लपवायची. आणा इकडे, नबीलाचे अब्बा. तुम्ही लाकडाची माणसं."

तिचे वडील, भाऊ मासेमारी करायचे. जाळी विणायला ती सहाव्या वर्षी बसली होती. काथ्या तर तिच्या घरातल्या बायका मांडीवर वळायच्या. म्हणून तिने पहिली गोष्ट काय केली, तर दोरीचं एक गुंडाळं रात्रभर बादलीत भिजत टाकलं. सुंभ भिजवल्याशिवाय कधी कुणी खाट विणली आहे?

सकाळी बादलीत दोरी नव्हती. तपकिरी पाणी होतं आणि त्यात उलगडलेल्या कागदाच्या पट्ट्या तरंगत होत्या. ती बादलीजवळ उकिडवी बसून होती. मला वाटलं रडते आहे, पण ती हसत होती, हसून हसून तिला धाप लागली होती.

"कागद भिजवला हो मी! कागद! वहीचं पान भिजवतं का कुणी?"

मग हसू थांबलं आणि ती म्हणाली, "साहेबांना सांगा. मीच केलं म्हणून सांगा. दुसऱ्याची वस्तू आहे."

"सांगतो," मी म्हणालो.

त्यानंतर तिने दोरीला नुसता ओला हात लावून विणायला सुरुवात केली. पहिली बैठक दोनदा उसवली. तिसऱ्यांदा बसली, आणि अशी बसली की मी बोट मारलं तर ढोलकीसारखा आवाज आला. ती खुर्चीच्या पुढच्या पायावर आपला पाय टेकवायची, सगळ्या अंगाचा भार मागे टाकून दोरी ओढायची आणि प्रत्येक फेऱ्याला ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजायची. जाळ्याची घरं मोजायची तिची जुनी सवय होती.

मी खुर्ची होल्मसाहेबांकडे नेली. त्यांनी ती आधी उलटी केली. त्यांचे वडील म्हणे तसंच करायचे, पाहुण्याने बसायच्या आधी खुर्ची उलटी करून तळ दाखवायचे. बराच वेळ पाहून ते म्हणाले, "एलेनचे हात आहेत तुझे, मोहिद्दीन."

एलेन म्हणजे त्यांच्या वडिलांच्या कारखान्यात बैठकी विणणारी बाई. जुनी दोरी कापताना मला सहाही खुर्च्यांच्या पुढच्या पट्टीवर, आतल्या अंगाला, पेन्सिलीने लिहिलेलं तिचं नाव सापडलं होतं. वडिलांचा नियम होता. जो विणेल त्याने सुरू करण्याआधी पट्टीवर आपलं नाव लिहायचं, मग ते दोरीखाली झाकलं जातं. वीस-तीस वर्षांनी बैठक झिजली की जो दुसरा विणणारा येईल, तो ते वाचेल. बाहेर कारखान्याचा शिक्का, आत तिचं नाव. वडील म्हणायचे, चित्र माझं असलं तरी रोज माणसाला उचलून धरते ती एलेन.

"तुझे हात," असं साहेब म्हणाले तेव्हा मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. आमच्याकडे घरातल्या बाईचं नाव परक्या माणसापुढे काढत नाहीत. बाहेर ती नबीलाची अम्मी, नाहीतर 'घरचे'. हे एक कारण झालं. दुसरं कारण असं की एवढा मोठा साहेब माझ्या हातांकडे तसं कधी बघत नव्हता, आणि मला ते आवडलं. एकदा गप्प राहिलो, मग भिजलेल्या गुंडाळ्याचंही सांगता येईना, कारण ते सांगायचं तर भिजवणारी कोण तेही सांगावं लागलं असतं.

घरी आलो तर तिने विचारलं, "काय म्हणाले साहेब?"

"छान आहे म्हणाले."

"कुणाला म्हणाले?"

मी हात धुवायला गेलो. तिने परत विचारलं नाही. दुसऱ्या खुर्चीच्या वेळी तिने पेन्सिल हातात घेतली आणि म्हणाली, "नाव लिहायचं आहे ना? कुणाचं लिहू?"

"माझं लिही," मी म्हणालो. "साहेब मला ओळखतात."

तिने लिहिलं. ती मराठी चौथी शिकली होती, अक्षर गोल आणि मोठं. 'मोहियुद्दीन'. पहिलीवर माझं नाव मीच घातलं होतं, पुढच्या खुर्च्यांवर ते तिने लिहिलं आणि पाचही वेळा स्वतःच्या हाताने झाकलं.

सहावी विणून व्हायची राहिली.

तिला इथेच मातीत दिलं. जनाज्याच्या वेळी मी रिवाजाप्रमाणे उभा राहून म्हणालो, या बाईकडे कुणाचं काही राहिलं असेल तर त्याने माझ्याकडे यावं, मी पुरं करीन. कुणी आलं नाही. कोण येणार? इथे तिला ओळखत होतं कोण? परत आलो तेव्हा खोलीत खुर्ची होती.

इथल्या कब्रस्तानात नाव लावत नाहीत. नाव नाही, तारीख नाही, नुसते वाळूचे उंचवटे आणि उशापायथ्याशी एकेक दगड. भिंतीपासून चौथी रांग, अकरावी कबर, असं मी लक्षात ठेवलं होतं. उन्हाळ्यात दोन मोठी वादळं झाली. ऑगस्टमध्ये मी गेलो तेव्हा दहावी कुठली, बारावी कुठली हे मला नीट सांगता येईना. मी अंदाजाने एका ठिकाणी बसलो, फातिहा वाचला आणि परत आलो. त्यानंतर मी खुर्चीला हात लावला नाही. तिचं असं जे काही होतं ते तेवढंच होतं, आणि ते होल्मसाहेबांच्या मालकीचं होतं. काम राहिलंय म्हणत राहिलो तर ती माझ्याकडे राहत होती.

त्या रविवारी 'होईल साहेब' म्हणून मी घरी आलो आणि खुर्ची खिडकीपाशी उजेडात घेतली. उरलेल्या दोरीने एक फेरा विणला. तिच्या फेऱ्याशेजारी माझा फेरा असा दिसला की आंधळ्यालाही कळावं. मी हाताने ओढत होतो. उसवला. परत विणला. परत उसवला. मग चप्पल काढली, पाय खुर्चीच्या पायावर टेकवला आणि अंग मागे टाकलं. दोरी तिच्या शेजारी जाऊन बसली. मी तसाच मागे झुकून थांबलो. काही वेळ पुढचा फेरा घेतलाच नाही.

सोमवारी संध्याकाळपर्यंत दोरी संपली. भोक थाळीएवढं होतं ते बशीएवढं झालं. भिजून गेलेलं गुंडाळं आता कमी पडलं होतं. विमानं बंद, जहाजं बंद, डेन्मार्कहून दोरी यायचा प्रश्नच नव्हता.

मी पोस्टाजवळच्या बूथवर गेलो. रत्नागिरीला फोन लागायला पाऊण तास गेला.

"अब्बा, इथे टीव्हीवर सगळं दाखवतात," नबीला ओरडत होती. "तुम्ही येताय कधी?"

"थोडं काम राहिलंय."

"बॉम्ब पडतायत आणि कसलं काम?"

"खुर्ची आहे एक."

"खुर्ची?" मग जावयाला सांगितल्याचा आवाज आला, "खुर्ची म्हणतायत." आणि लाइन कापली गेली.

मंगळवारी मी सदानंदला म्हणालो की साहेबांना अर्धीच खुर्ची देतो. दोरी संपली, युद्ध आहे, ते समजून घेतील.

तो प्लायवूडवर पेन्सिलीने रेघ मारत होता. रेघ पुरी करून म्हणाला, "दे की. आणि पुन्हा एकदा ते तुझे हात बघतील. बिचारे म्हणतील, काय हे हात, युद्धामुळे अडले."

"तुला काय रे त्याचं?"

"मला? मला वहिनींनी दोन वर्षं दर शुक्रवारी माशाचं कालवण पाठवलं. एवढंच माझं." त्याने पेन्सिल कानामागे खोचली. "तू सगळ्यांसमोर उभा राहून म्हणालास ना, कुणाचं काही राहिलं असेल तर सांगा? मी तिथेच मागे उभा होतो, टोपी घालून. मी काय सांगणार होतो तुला? तिचंच राहिलंय, आणि तुझ्याकडे, हे?"

मी त्याच्याशी दिवसभर बोललो नाही. दुपारी सायरन झाला तेव्हा आम्ही दोघे एकाच टेबलाखाली बसलो, तेव्हाही नाही. त्याच्याकडे विषारी वायूसाठीचा मास्क होता, माझ्याकडेही. माझ्या दाढीवर तो घट्ट बसत नव्हता. सदानंदने मास्क चढवला, माझ्याकडे बघितलं, परत काढला आणि बाजूला ठेवला. म्हणाला, "राहू दे. एकट्याने जगून इथे करणार काय." सायरन संपला तसा उठून कामाला लागला.

घरी येऊन मी तिची ट्रंक उघडली. दहा महिन्यांत उघडली नव्हती. मला वाटत होतं की दोरीचा एखादा तुकडा तिने जपून ठेवला असेल, ती काही टाकत नसे. वर दोन ओढण्या, नबीलाच्या लग्नाचा फोटो, औषधाची बाटली. खाली जुन्या साडीत बांधलेलं एक गाठोडं.

त्यात कागदाची दोरी होती. पण ती साहेबांची गुळगुळीत दोरी नव्हती. कुठे जाड, कुठे बारीक, रंग काळपट. मी ती नाकाशी नेली. तिला खोबरेल तेलाचा वास होता.

बादलीतल्या पट्ट्या तिने वाळवल्या होत्या. आणि मी कामावर गेल्यावर, माझ्या नकळत, काथ्या वळावा तशा मांडीवर परत पिळल्या होत्या. भिजलेल्यातला जो कागद फाटला नव्हता तेवढा. सगळा नव्हता, पण बशीएवढ्या भोकाला पुरेल इतका होता. तिला शेवटच्या खुर्चीला दोरी कमी पडणार हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला ते सोमवारी कळलं.

बुधवारी मी कामावर गेलो नाही. खिडकीवरची फळी काढली, उजेड हवा होता. उरलेलं विणण्याआधी आत वाकून पुढच्या पट्टीकडे पाहिलं. कोपऱ्यांकडून विणत आल्यामुळे मधला भाग अजून उघडा होता. तिथे तिच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'मोहियुद्दीन'. मी घासकागद घेऊन ते पुसायला निघालो. बोट ठेवलं आणि थांबलो. तिच्या हाताचं लिहिलेलं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. ती पत्रं लिहायची ती नबीलाकडे जायची. माझ्याबरोबर राहत होती, मला कशाला लिहील?

मी ते पुसलं नाही. शेजारी जागा होती तिथे माझी सुताराची पेन्सिल घेऊन लिहिलं, 'विणणारी इस्मत'. माझं अक्षर तिच्याइतकं चांगलं नाही. मग तिची दोरी ओल्या हाताने चोळली, पाय टेकवला आणि विणायला लागलो. जिथे दोरी जाड होती तिथे हळू ओढलं, जिथे बारीक होती तिथे दुहेरी घेतली. संध्याकाळी मगरिबच्या अजानच्या थोडं आधी दोन्ही नावं झाकली गेली आणि शेवटची गाठ मी आत लपवली. तळाला नाही, दोन थरांच्या मधे, ती लपवायची तशी.

मधोमध एक काळपट डाग राहिला होता. लपण्यासारखा नव्हता.

गुरुवारी सकाळी सदानंद वर्कशॉपची गाडी घेऊन दारात आला. खुर्ची पाहिली. हॉर्न वाजवायला हात नेला होता तो तसाच खाली घेतला. वळणावर गाडी इतकी हळू घेतली की मागचा अरब ओरडला, "यल्ला, यल्ला!"

होल्मसाहेबांच्या घरासमोर ट्रक उभा होता. पाच खुर्च्या अंगणात, पायांना चिंध्या गुंडाळलेल्या. साहेबांनी सहावी घेतली आणि नेहमीसारखी आधी उलटी केली. मग सुलटी केली. मधल्या डागावर अंगठा ठेवला आणि डोळे मिटले.

"ही कोणती दोरी?" त्यांनी विचारलं.

"तुमचीच आहे साहेब. एक गुंडाळं भिजून वाया गेलं होतं. पहिल्याच दिवशी. ते परत वळलेलं आहे."

"तू वळलंस?"

"नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. ट्रकवाला घड्याळ दाखवत होता.

"साहेब, माझ्या बायकोने," मी म्हणालो. "दोरीही तिने वळली. सगळ्या खुर्च्या तिने विणल्या. या एकीचा मधला भाग तेवढा माझा. मी लाकडाचं केलं. तुम्ही माझे हात म्हणालात आणि मी ऐकून घेतलं."

माझं इंग्रजी तेवढं नव्हतं, पण एवढं मी बोललो. सदानंद गाडीजवळ पाठ करून उभा होता.

त्यांनी बाकीच्या पाच खुर्च्यांकडे पाहिलं.

"त्यांच्या आत काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

"माझं नाव."

"मग पुढचा माणूस तुझं नाव वाचेल."

"हो साहेब."

"वडिलांनी तुला हाकलून दिलं असतं," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, जसं होतं तसं त्यांनी सांगितलं. "त्यांना एकदा पाहुण्यांनी सगळं तुम्हीच केलंत का म्हणून विचारलं, तर ते आत गेले, एलेनला कामावरून उठवून बाहेर आणलं आणि तिला बसायला लावलं. पाहुणे उभे, ती बसलेली." त्यांनी खिशातून पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली. "तिचं नाव काय?"

लग्नापासून इतक्या वर्षांत मी ते नाव बाहेरच्या माणसासमोर घेतलं नव्हतं.

"इस्मत," मी म्हणालो.

त्यांना नीट म्हणता येईना. मी परत म्हणालो. परत म्हणालो. चौथ्यांदा त्यांना जमलं.

उसवायला वेळ नव्हता. मी पाचही खुर्च्या एकेक करून उलट्या केल्या आणि तळाच्या उघड्या लाकडावर, मागच्या दोन पायांना जोडणाऱ्या खालच्या पट्टीवर, तिचं नाव मराठीत लिहिलं. माझ्या मागोमाग साहेब गुडघ्यावर बसून त्याच नावाखाली त्यांच्या अक्षरांत लिहीत होते, त्यांच्या मुलांना वाचता यावं म्हणून. ट्रकवाला 'खलास, खलास', पुरे आता, म्हणत फेऱ्या मारत होता. ओक कडक लाकूड आहे, पेन्सिल दाबावी लागते. पाचवीपर्यंत टोक मोडलं, सदानंदने चाकूने करून दिलं.

मला वाटलं होतं, ती डागाची खुर्ची ते ठेवून जातील. मनातून मी तीच आशा धरून होतो. पण त्यांनी ती ट्रकमध्ये द्यायला नकार दिला आणि स्वतःच्या गाडीत, बाजूच्या सीटवर, पट्टा लावून ठेवली. हात मिळवला आणि गेले. आधी ट्रक गेला, मग गाडी. रस्ता सरळ आहे, बराच वेळ दिसत राहते.

"चल, चहा घेऊ," सदानंद म्हणाला.

"तू हो पुढे."

मी पोस्टाच्या बूथवर गेलो. गुरुवार म्हणजे इथे आठवड्याच्या सुट्टीचा दिवस, मोठी रांग होती. दोन तासांनी माझा नंबर लागला.

"अब्बा? तिकडे काही झालं का?"

"नाही. सगळं ठीक आहे. खुर्ची झाली."

"झाली?" नबीलाच्या आवाजात राग होता आणि रडूही होतं. "मग आता या. काय होतं हो त्या खुर्चीत एवढं?"

"येतो. कफीलला भेटतो आणि एक्झिट व्हिसा घेतो," मी म्हणालो. "तुझ्या अम्मीने केली होती ती खुर्ची."

"अम्मीने? खुर्ची?"

मागे रांगेत उभा असलेला पठाण काचेवर टकटक करत होता. मी त्याला हात दाखवला, थांब म्हणून, आणि पाठ फिरवून रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"ऐक," मी म्हणालो. "पहिल्याच दिवशी तिने काय केलं, तर दोरीचं अख्खं गुंडाळं बादलीत भिजत टाकलं."